गरोदरपणात पॅन्क्रियाटायटिस झाला तर पोटातल्या बाळाचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गेली १४ वर्षं नागपुरात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे. पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज, गरोदर बायकांमध्ये हा तसा दुर्मिळच आजार, हजार ते दहा हजार बाळंतपणांमागे एखादी केस असं धरतात. पण २०२१ मध्ये माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीलाच आठव्या महिन्यात झाला, आणि तेव्हापासून कुठूनकुठून फोन येतात, कुणाची नणंद ॲडमिट आहे, कुणाची सून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, बाळाचं काय होईल. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. एक विनंती आहे, आत्ता या क्षणी कुणी पोट धरून बसली असेल तर आधी तिला दवाखान्यात न्या, हे नंतर वाचा.

पॅन्क्रियाटायटिसमध्ये नेमकं होतं काय?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं असतं. ते अन्न पचवायचे रस बनवतं आणि इन्सुलिन पण तिथंच बनतं. हे पाचक रस आतड्यात गेल्यावर कामाला लागायला पाहिजेत, पण वाट अडली किंवा ग्रंथीला इजा झाली की ते आतच चालू होतात आणि त्या ग्रंथीलाच जाळायला लागतात. त्यातून सूज. बहुतेक जणींमध्ये ती सौम्य असते आणि आठवड्याभरात उतरते, थोड्या जणींमध्ये मात्र ती अख्ख्या शरीराला कवेत घेते, किडनी, फुप्फुस, सगळ्याला.

"ताई, पोटात दुखून राहिलं, ॲसिडिटी आहे का हे आहे, कसं कळणार?"

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी बहीण उमरेडकडं राहते. ३१ वा आठवडा होता, आदल्या दिवशी ओटीभरणाचं जेवण झालेलं, पुरणपोळी, वरून तुपाची धार, वडे, सगळं. रात्री तिचा फोन आला, ताई पोटात वरच्या बाजूला दुखून राहिलं. मी म्हटलं जड जेवण झालं असेल, ॲसिडिटीचं पातळ औषध घे आणि डाव्या कुशीवर झोप. मी, जी रोज लेबर रूममध्ये उभी असते, ती असं बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, फोनवर म्हणाले की ती झोपूच शकत नाही, गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकून बसली आहे, दुखणं पाठीत आरपार जातंय आणि पाणी प्यायली तरी उलटी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते जवळजवळ १८ तास मी अजून विसरले नाही.

तर लक्षणं अशी. दुखणं बेंबीच्या वर, मधोमध किंवा थोडं डावीकडं-उजवीकडं, पाठीकडं जाणारं, सतत राहणारं, कळांसारखं येऊन जाणारं नाही. पुढं वाकलं की किंचित बरं, आडवं झालं की वाढतं. उलट्या थांबत नाहीत. कधी ताप, कधी डोळे पिवळे, लघवी गडद. ॲसिडिटीची जळजळ औषधानं तास-दोन तासात कमी होते, हे होत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्या बायकांनी लक्षात ठेवावी. पहिल्या तीन महिन्यातल्या उलट्या वेगळ्या, त्या बहुतेकींना असतात. सातव्या-आठव्या महिन्यात नव्यानं सुरू झालेल्या उलट्या आणि वरचं पोट दुखणं याला "डोहाळे" म्हणून सोडून द्यायचं नाही. पॅन्क्रियाटायटिस नसला तरी त्या वेळी बीपी वाढून लिव्हरवर परिणाम झालेला असू शकतो, अपेंडिक्स असू शकतं, वार सुटायला लागलेली असू शकते. यातलं एकही घरी थांबण्यासारखं नाही.

सूज आईच्या स्वादुपिंडाला आली, मग बाळाला धोका कुठून आला?

बाळाचं स्वादुपिंड वेगळं, आईचं वेगळं, आजार काही वारेतून बाळात उतरत नाही. बाळाला त्रास होतो तो आईची तब्येत ढासळते म्हणून, हे एकदा समजलं की उपचार असे का करतात तेही समजतं.

पहिलं म्हणजे पाणी. या सुजेत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांमधून गळून पोटात आणि उतींमध्ये साठतं, वरून उलट्या, त्यामुळं आईच्या अंगात फिरणारं रक्तच कमी पडतं. शरीर मग मेंदू आणि हृदय आधी सांभाळतं आणि गर्भपिशवीकडं जाणारा रक्तपुरवठा कमी करतं. वारेला रक्त कमी म्हणजे बाळाला ऑक्सिजन कमी. माझ्या बहिणीला आणलं तेव्हा बाळाचे ठोके १७५ च्या वर धावत होते, नॉर्मल ११० ते १६० असतात. सलाईन चालू झाल्यावर काही तासात ते १५० वर आले, औषध बाळाला काहीच दिलं नव्हतं, फक्त आईचं पाणी भरून काढलं. आमच्याकडं मे महिन्यात, नवतपात, ४५ डिग्रीला अशी बाई दूरच्या गावाहून आली तर ती आधीच कोरडी पडलेली असते, म्हणून उन्हाळ्यात हे जास्तच जपावं लागतं.

दुसरं, कळा. सुजेमुळं रक्तात जे रासायनिक पदार्थ वाढतात त्यानं गर्भपिशवी चाळवते आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होऊ शकतात. बाळाच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारा धोका हाच, वेळेआधी जन्म.

तिसरं, आईचा श्वास. सूज तीव्र असली तर फुप्फुसात पाणी होतं. गरोदर बाईचं ऑक्सिजन ९५ च्या खाली जाऊ देत नाहीत ते बाळासाठी, आईला ९२ वर फार काही वाटणार नाही कदाचित, पण बाळाला वाटतं.

चौथं, शुगर वाढून रक्त आम्लधर्मी होणं, हे ट्रायग्लिसराइडवाल्या, म्हणजे रक्तातली चरबी वाढून होणाऱ्या प्रकारात जास्त होतं आणि बाळाला फार घातक आहे. आणि पाचवं इन्फेक्शन, म्हणजे पित्ताच्या नळीत पू होणं किंवा स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात जंतू शिरणं.

बाळात व्यंग येईल का?

नाही. पॅन्क्रियाटायटिसमुळं बाळाला जन्मजात व्यंग येतं असं नाही. हा आजार बहुतेक करून शेवटच्या तीन महिन्यात होतो, तोपर्यंत बाळाचे अवयव तयार झालेले असतात.

कितव्या महिन्यात झाला तर धोका जास्त?

पहिल्या तीन महिन्यात झाला तर गर्भपाताची भीती. मधल्या तीन महिन्यात त्यातल्या त्यात बरं, गर्भपिशवी फार मोठी नसते, ऑपरेशन लागलं तरी करता येतं. शेवटच्या तीन महिन्यात वेळेआधी कळा, बाळाचे ठोके बिघडणं, आणि आजार फार वाढला तर पोटातच बाळ जाणं. तरी ३४ आठवड्यांच्या पुढं असेल तर एक दिलासा असतो, बाळ बाहेर काढावं लागलं तरी ते जगण्याइतकं तयार असतं. सगळ्यात कठीण २४ ते ३० आठवडे, बाळ ना आत सुरक्षित ना बाहेर तयार, तिथं डॉक्टरांची खरी कसोटी लागते.

सरळ सांगा सिस्टर, बाळ वाचतं का?

बहुतेक वेळा वाचतं. १९७० च्या आसपास बाळ जाण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत सांगायचे, तेव्हा सोनोग्राफी गावोगावी नव्हती आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचे आयसीयू, आजच्यासारखे नव्हते. आता सौम्य आजारात बाळ गमावणं फार कमी झालंय. वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण मात्र अजून बऱ्यापैकी आहे, पाचातली एक असं ढोबळ धरून चाला. तीव्र आजारात, म्हणजे आईची किडनी किंवा फुप्फुस निकामी व्हायला लागली तर चित्र बदलतं, तिथं आई आणि बाळ दोघांची काळजी असते आणि तिथं कुणी खात्री देऊ नये. म्हणून "बाळ कसंय" या प्रश्नाच्या आधी "आजार सौम्य आहे की तीव्र" हे डॉक्टरांना विचारा, बाळाचं उत्तर बरचसं त्यातच आहे.

पण गरोदरपणातच काहून होते हे?

सगळ्यात मोठं कारण पित्ताशयातले खडे. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळं पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि प्रोजेस्टेरॉनमुळं पित्ताशय सुस्त पडतं, नीट रिकामं होत नाही, मग त्यात गाळ आणि खडे तयार होतात. एखादा बारीक खडा निसटून नळीत अडकला की स्वादुपिंडाची वाट बंद. मोठ्या खड्यापेक्षा हा बारीक खडाच जास्त त्रास देतो कारण तोच नळीत शिरतो. त्यामुळं सोनोग्राफीत "छोटे छोटे आहेत, काही नाही" असं कुणी म्हटलं तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

दुसरं कारण रक्तातलं ट्रायग्लिसराइड. ते शेवटच्या तीन महिन्यात सगळ्यांचंच दोन ते चार पट वाढतं, त्यानं काही होत नाही. पण जिला घराण्यातूनच चरबीचा त्रास आहे किंवा शुगर आहे तिचं १००० च्या पलीकडं जातं आणि मग स्वादुपिंड पेटतं. अशा बाईचं रक्त काढलं की वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं, लॅबवाले स्वतःहून फोन करतात. बाळाला धोका खड्यांपेक्षा या प्रकारात जास्त असतो.

तिसरं क्वचित दिसणारं कारण म्हणजे मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीमुळं कॅल्शियम वाढणं. हे असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवतात, कारण पोटात असताना बाळाला आईकडून भरपूर कॅल्शियम मिळत असतं आणि जन्मानंतर ते एकदम बंद झालं की बाळाचं कॅल्शियम खाली येऊन झटके येऊ शकतात.

हा तर दारू पिणाऱ्यांचा आजार आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त दुखावतो. कुणीतरी मोबाईलवर शोधतं, "पॅन्क्रियाटायटिस म्हणजे दारू" एवढंच वाचतं, आणि वॉर्डाच्या बाहेर सासरच्या लोकांची कुजबुज सुरू होते. आत ती बाई सलाईनवर, पोट धरून, आणि तिला विचारतात की तू काही घेत होतीस का. पुरुषांमध्ये दारू हे मोठं कारण आहे, खरंय. गरोदर बायकांमध्ये बहुतेक करून खडे, नाहीतर ट्रायग्लिसराइड, म्हणजे ज्या गोष्टींवर तिचा काही ताबा नव्हता. तिनं दारूला हात लावलेला नसतो. कृपा करून तिला हे विचारू नका, डॉक्टरांना विचारायचं असेल तर ते एकट्यात विचारतील.

धुराचं मात्र सांगते, बिडी-सिगारेट स्वादुपिंडाला वाईट, आणि खर्रा-तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं. हे नवऱ्यानंही वाचावं, घरात धूर त्याचाच असतो.

निदानाला इतका वेळ का लागला, आधी डॉक्टरला कळलं नाही का?

गरोदरपणात रिपोर्ट फसवतात. पांढऱ्या पेशी एरवीच वाढलेल्या असतात. अल्कलाइन फॉस्फटेज, ही लिव्हरच्या तपासणीतली एक, वारेतून येतं म्हणून तेही वाढलेलंच दिसतं. पोट मोठं असल्यानं हात लावून नीट कळत नाही. भरवशाचा रिपोर्ट म्हणजे रक्तातला लायपेज, स्वादुपिंडाच्या पाचक रसातला एक घटक, तो नॉर्मलच्या तीन पटीहून जास्त आणि दुखणं तसंच असेल तर निदान पक्कं धरतात. पोटदुखी-उलट्यांनी ॲडमिट झालात आणि लायपेज केला नसेल तर नम्रपणे विचारा, "सर, लायपेज करायचं का?" एवढं विचारायचा तुमचा हक्क आहे.

इतक्या तपासण्यांनी बाळाला काही होईल का?

सोनोग्राफीनं काही होत नाही, कितीही वेळा करा. एमआरआयपण चालतो, त्यात एक्स-रे नसतात, फक्त रंगाचं इंजेक्शन देत नाहीत. सीटी स्कॅन टाळतात, पण आईच्या जिवावर बेतलं असेल तर करतात. एका पोटाच्या सीटीमधून बाळाला मिळणारं रेडिएशन साधारण ५० मिलिग्रेच्या खालीच राहतं आणि त्या पातळीवर बाळात दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. घाबरून सीटीला नकार देणं हे कधीकधी सीटीपेक्षा महाग पडतं.

खडा नळीत अडकून कावीळ आणि ताप आला तर दुर्बिणीतून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. त्यात थोडा एक्स-रे लागतो, पण अगदी थोडा वेळ आणि बाळाचा बचाव करून. नळीत पू असताना ते न करणं बाळाला जास्त धोक्याचं.

सलाईन, पेनकिलर, ॲन्टिबायोटिक, एवढं सगळं बाळाला चालतं?

सलाईन हाच मुख्य उपचार आहे, बहुतेक करून रिंगर लॅक्टेट देतात, लघवी किती होते ते मोजत मोजत. कमी पडलं तर बाळाला रक्त कमी, जास्त झालं तर आईच्या फुप्फुसात पाणी, म्हणून नर्स दर तासाला लघवीची पिशवी बघते, तिला त्रास देतेय असं समजू नका.

दुखणं सहन करायला लावणं बाळासाठी चांगलं नाही. पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, फेंटॅनिल अशी औषधं डॉक्टर बघून देतात. पण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातल्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळायच्या, त्यानं बाळाची लघवी आणि पर्यायानं गर्भजल कमी होतं, आणि ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. गावात पोटदुखीला सर्रास हेच इंजेक्शन टोचतात, म्हणून टोचून घेण्याआधी "मी एवढ्या महिन्यांची आहे" हे ओरडून सांगा.

ॲन्टिबायोटिक इन्फेक्शन असेल तरच.

एक साधी गोष्ट, २० आठवड्यांच्या पुढची बाई सरळ पाठीवर झोपवू नका. पोटाच्या भारानं मोठी शीर दाबली जाते आणि बाळाकडं रक्त कमी जातं. डावी कूस, किंवा उजव्या कमरेखाली उशी.

आईला उपाशी ठेवलं तर बाळ उपाशी राहील की!

हे आजी लोकांचं खास. पूर्वी खूप दिवस तोंडानं काहीच द्यायचे नाहीत, आता तसं नाही. उलट्या आणि दुखणं कमी झालं की एक-दोन दिवसात पातळ, बिनतेलाचं सुरू करतात, तोंडानं जमत नसेल तर नाकातून नळी टाकतात. दोन दिवस कमी खाल्ल्यानं बाळ सुकत नाही, ते आईच्या साठ्यातून घेतं. लपवून डब्यातून साजूक तुपाचा शिरा भरवणं मात्र बंद करा, मी स्वतः असे डबे परत पाठवले आहेत.

बाळ ठीक आहे हे रोज कसं बघतात?

ठोके ऐकतात, एनएसटी लावतात, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, डॉपलर सोनोग्राफीनं वारेतला रक्तप्रवाह बघतात. आणि आईनं स्वतः हालचाली मोजायच्या, जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपून, दोन तासात १० जाणवल्या पाहिजेत. कमी वाटल्या तर लगेच सांगायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी. सिस्टर रागावेल म्हणून थांबू नका. रागावली तर रागावू द्या.

मग सिझर करून बाळ बाहेरच का काढत नाहीत?

पॅन्क्रियाटायटिस आहे म्हणून सिझर करत नाहीत. बाळ आत नीट असेल तर आईला बरं करून दिवस वाढवणं हेच दोघांच्या फायद्याचं. बाळाचे ठोके सुधारत नसतील, आईचा आजार उपचारांना दाद देत नसेल, किंवा कळा थांबतच नसतील तेव्हा बाळंतपण करतात, आणि तेही शक्य असेल तर नॉर्मल. सुजलेल्या पोटात सिझर हे काही सोपं ऑपरेशन नाही.

फुप्फुसाची इंजेक्शनं म्हणजे काय?

बाळ वेळेआधी येईल असं वाटलं तर २४ ते ३४ आठवड्यांमध्ये आईला स्टेरॉइड देतात, सरकारी दवाखान्यात बहुतेक डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शनं १२-१२ तासांनी. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आईची शुगर काही दिवस वाढते, स्वादुपिंड आधीच दुखावलेलं असतं त्यामुळं शुगर वारंवार तपासतात. फार लवकर जन्म होणार असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट पण देतात. माझ्या बहिणीला दुसऱ्याच रात्री कळा सुरू झाल्या होत्या, चारही इंजेक्शनं पूर्ण झाली आणि मग कळा थांबल्या. घरचे म्हणाले फुकट गेली. फुकट नाही गेली हो, ती विम्यासारखी असतात.

पित्ताशयाचं ऑपरेशन गरोदरपणात करतात?

करतात, दुर्बिणीतून, चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा. खडे आहेत आणि एकदा अटॅक येऊन गेला तर नुसतं "बघू पुढं" म्हणून सोडलं की परत येण्याची शक्यता खूप, निम्म्याहून जास्त जणींना येतो असं काही पाहण्यांत दिसलंय, आणि प्रत्येक अटॅक म्हणजे बाळावर परत तोच धोका. त्यामुळं भूल आणि ऑपरेशनची भीती एका पारड्यात असेल तर दुसऱ्या पारड्यात हे पण ठेवा. आठव्या-नवव्या महिन्यात मात्र बहुतेक वेळा बाळंतपण होऊ देतात आणि नंतर लवकरच पित्ताशय काढतात.

ट्रायग्लिसराइडवाल्या प्रकारात वेगळं काय करतात?

इन्सुलिनचं ड्रिप, जोडीला ग्लुकोज, कारण इन्सुलिननं रक्तातली चरबी मोडते. फारच जास्त असेल तर मशीननं रक्तातला चरबीवाला प्लाझ्मा काढून बदलतात. इथं जन्मानंतर बाळाची शुगर कमी होत नाही ना ते बघावं लागतं.

बाळ वेळेआधी आलं तर पुढं?

किती आठवड्यांचं यावर सगळं. ३४ च्या पुढचं असेल तर बहुतेक थोडे दिवस ऊब, दूध ओढायला शिकणं, कावीळ असेल तर निळा लाईट. ३२ च्या आधीचं असेल तर श्वासाचं मशीन, इन्फेक्शनची भीती, डोळ्यांची तपासणी, आठवडेच्या आठवडे एनआयसीयू. आईला उठता येऊ लागलं की बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा, कांगारू पद्धत, बापानं ठेवलं तरी चालतं आणि ठेवावंच. बहिणीचा मुलगा ३६ व्या आठवड्यात आला, २ किलो १००, पाच दिवस काचेत होता. माझे जावई रोज शर्ट उघडा करून त्याला छातीशी घेऊन बसायचे.

नागपुरात कुठं न्यायचं?

जिथं एकाच छताखाली आयसीयू, एनआयसीयू आणि सर्जन तिन्ही आहेत तिथं, हा एकच नियम. नुसतं मॅटर्निटी होम पुरत नाही, आणि नुसतं पोटाचं हॉस्पिटलही पुरत नाही. सरकारीत मेडिकल, मेयो ही दोन मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आणि मिहानमधलं एम्स आहेत, डागा या बायकांच्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं असेल तर ती फाईल सोबत घ्या. रामदासपेठ-धंतोलीत खाजगी पुष्कळ, पण ॲडमिट करण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा, एनआयसीयूत बेड आहे का आणि पोटविकार तज्ज्ञ रात्री येतात का. काटोल, रामटेक, भिवापूरकडून येत असाल तर १०८ ला फोन करा, गरोदर बाईसाठी १०२ पण आहे. निघण्याआधी सलाईन लावून घ्या, कोरडी बाई खड्ड्यांच्या रस्त्यानं आणू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, नेणं-आणणं मोफत असतं. मोठ्या खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या काऊंटरला रेशन कार्ड घेऊन आधीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर काय खायचं?

तर्री पोहे, सावजी, भजी, पाटोडी रस्सा, हे बाळंतपण आणि ऑपरेशन होईपर्यंत विसरा. मला माहितीये आपल्या नागपुरात हे सांगणं म्हणजे काय असतं. चालेल काय तर ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण, मुगाची खिचडी, दुधी-दोडका, साय काढलेलं दूध, पातळ ताक, अंड्याचा पांढरा भाग. संत्रं फळ म्हणून खा, साखर घातलेला ज्यूस नको, ट्रायग्लिसराइडवालीनं तर अजिबात नको. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा. निर्जळी उपवास नको, फार वेळ उपाशी राहिलं की पित्त पित्ताशयात साचून राहतं.

खरी लढाई सव्वा महिन्यात असते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, वाटीवाटी तूप. दूध येण्यासाठी तूप लागत नाही, पाणी, पोटभर साधं जेवण आणि बाळाला वारंवार पाजणं लागतं. माझ्या बहिणीला ३४ व्या आठवड्यात परत दुखलं होतं, का तर एका मावशीनं प्रेमानं अर्धी पुरणपोळी भरवली, परत दोन दिवस ॲडमिट.

खडे विरघळवायचा काढा देऊ का?

नको. गरोदरपणात त्यातलं काय बाळापर्यंत जातं कुणालाच सांगता येत नाही. आणि लिंबू-ऑलिव्ह ऑईलचा जो उपाय फिरतो तो तर उलटा आहे, तेलानं पित्ताशय जोरात आकसतं आणि खडा नळीत ढकलला जातो.

अंगावर पाजता येईल का?

हो. शुद्धीवर आणि स्थिर असेल तर पहिल्या दिवसापासून. आयसीयूत असेल तर दूध पिळून काढून एनआयसीयूत द्या, चीक तर वाया घालवूच नका. कोणती औषधं चालू आहेत ते बाळाच्या डॉक्टरला दाखवा.

पुढच्या वेळी परत होईल का?

खड्यांमुळं झाला असेल आणि पित्ताशय काढलं असेल तर परत होण्याची भीती बरीच कमी होते. बहिणीचं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी काढलं, तिसऱ्या दिवशी घरी आली. ट्रायग्लिसराइडमुळं झाला असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरला भेटायचं, लिपिड प्रोफाइल करायचं, वजन-शुगर ताब्यात आणायची, चालू गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या ते विचारायचं, आणि दिवस राहिले की थोड्या थोड्या आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड तपासत राहायचं. पहिल्याच भेटीत नोंदणीच्या कार्डावर "मागच्या वेळी पॅन्क्रियाटायटिस" असं लाल पेननं लिहून घ्या, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत जी डॉक्टर असेल तिनं तुम्हाला आधी कधी पाहिलेलं नसणार.